शेवटच्या दिवसांतली त्वचा आणि बेडसोर : घरच्या माणसांसाठी माहिती

आमच्याकडून रुग्णाची कॉट, एअर बेड (पंपाने हवा भरत राहणारी गादी) किंवा सेवेसाठी मावशी घेणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला हे पत्रक आम्ही सोबत देतो. ज्यांच्या घरी डॉक्टरांनी "आता घरी न्या, सुखात ठेवा" असं सांगितलेला रुग्ण आहे, त्यांनी ते पहिल्याच दिवशी वाचावं. जखम दिसेपर्यंत थांबू नये.

बेडसोर म्हणजे सतत पडून राहिल्याने, दाबामुळे होणारी जखम. चांगली गादी आणि वेळच्या वेळी कूस बदलणं यांमुळे बरेचसे बेडसोर टळतात. पण आयुष्याच्या अगदी अखेरीस उठणारी प्रत्येक जखम टाळता येत नाही. त्यामुळे "आमची गादी घ्या, जखम होणारच नाही" असं आम्ही कुणालाच सांगत नाही.

हे एवढं स्पष्ट लिहितो, कारण घराघरांत आम्ही एकच प्रकार बघतो. भेटायला आलेलं कुणीतरी पांघरूण उचलतं आणि सगळ्यांसमोर विचारतं, "एवढं होईपर्यंत कुणाचं लक्ष नव्हतं का?" हे बोलणं लागतं ते रात्ररात्र जागणाऱ्या सुनेला नाहीतर लेकीला. पुढे कितीतरी दिवस ती तेच मनात धरून बसते. अशा पाहुण्यांच्या हातात हे पत्रक द्या.

कातडी अशी का होते?

त्वचा हासुद्धा शरीराचा एक अवयवच आहे. हृदय, मूत्रपिंडं थकू लागली की शरीर उरलेलं रक्त आतल्या महत्त्वाच्या अवयवांकडे वळवतं आणि त्वचेचा पुरवठा कमी होतो. हातपाय गार पडतात. गुडघ्यांवर, तळव्यांवर जाळीसारखे निळसर-जांभळे चट्टे उमटतात, पायांवर सूज येते, कातडी पातळ होऊन साध्या ओढीनेही सोलवटते. निरोगी माणसाला ज्या दाबाचं काहीच वाटत नाही, तेवढ्याच दाबाने अशा कातडीखालचं मांस मरतं.

वैद्यकशास्त्राला हे जुनंच माहीत आहे. फ्रान्समधले डॉक्टर शार्को यांनी 19व्या शतकातच माकडहाडावरच्या अशा जखमा आणि जवळ आलेला मृत्यू यांचा संबंध लिहून ठेवला होता. 1989 मध्ये अमेरिकेतल्या परिचारिका कॅरन केनेडी यांनी अखेरच्या दिवसांत अचानक उठणाऱ्या जखमेचं वर्णन मांडलं. आजही तिला केनेडी अल्सर म्हणतात. 2009 मध्ये तज्ज्ञांच्या गटाने निवेदन काढून सांगितलं, की शेवटच्या काळातले त्वचेचे सगळेच बदल टाळता येत नाहीत, उत्तम सेवा असली तरी.

ही केनेडी अल्सरची जखम बहुधा माकडहाडावर येते. सकाळी अंग पुसताना काही नसतं आणि संध्याकाळी तिथे लाल-जांभळा डाग दिसतो. आकार नासपतीसारखा (पेअर), फुलपाखरासारखा किंवा घोड्याच्या नालेसारखा, कडा वेड्यावाकड्या. तो बघता बघता काळा पडतो. साधा बेडसोर सहसा टप्प्याटप्प्याने वाढतो. आधी कातडी लाल, मग सालटं जातं, मग खड्डा पडतो. पण जखम नेमकी कोणती हे डॉक्टरांनी किंवा नर्सनेच ठरवायचं. आणि "शेवटचीच आहे, आता काय करायचं" म्हणून सेवा सोडायची नाही. दुखणं, वास आणि ओल या तिन्हींवर इलाज असतो.

रोज काय बघायचं

माकडहाड, दोन्ही खुबे, टाचा, घोटे, कोपरं, खांद्याची हाडं, डोक्याची मागची बाजू आणि कानाच्या पाळ्या दिवसातून दोनदा उजेडात बघा. गोऱ्या कातडीवर लाली दिसते. सावळ्या रंगावर ती दिसेलच असं नाही. तिथे आजूबाजूपेक्षा काळपट-जांभळी, गरम, कडक किंवा पिचपिचीत लागणारी जागा बोटांनी शोधावी लागते. लालसर जागेवर बोट दाबून सोडा. पांढरी पडून पुन्हा रंग भरला तर दाब काढल्यावर ती सावरेल. रंग बदललाच नाही, तर बेडसोरची सुरुवात झाली आहे.

कूस साधारण दर दोन तासांनी बदला. पूर्ण आडवं कुशीवर झोपवलं तर सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो, म्हणून पाठीमागे उशी लावून थोडंच, तीसेक अंश कलतं ठेवा. दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी हवी. पोटरीखाली लांब उशी किंवा आपल्या सोलापुरी टॉवेलची रुंद, मऊ घडी अशी सरकवा की टाच अधांतरी राहील आणि खालून तळहात सहज जाईल. रुग्णाला वर सरकवताना काखेत धरून ओढू नका. खालच्या चादरीची दोन्ही टोकं दोघांनी धरून उचला. जेवण झाल्यावर कॉटची डोक्याकडची बाजू तासन्‌तास उंच ठेवू नका. रुग्ण घसरतो आणि माकडहाडाची कातडी आतल्या आत ताणली जाते.

मधे भोक असलेली रबरी रिंग आणि पाणी भरलेले हातमोजे अजूनही बऱ्याच घरांत दिसतात. दोन्ही नकोत. रिंगच्या कडेने रक्त अडतं. लाल जागेवर मालिश, स्पिरिट, पावडर नको. उघड्या जखमेत हळद, राख, हायड्रोजन पेरॉक्साइडही नको. जखम सलाईनने धुवायची आणि त्यावर डॉक्टर सांगतील तेच लावायचं.

आपल्याकडचा उन्हाळा तर वेगळीच काळजी मागतो. पारा चाळिशीपार गेला की रेक्झिनवर झोपलेल्या माणसाची पाठ घामाने भिजून मऊ पडते आणि अशी कातडी पटकन फाटते. एअर बेडवर एकच पातळ सुती चादर घाला, सुरकुती काढून. सोलापुरी चादर अंगावर घ्यायला छान, पण एअर बेडवर तिची घडी टाकली की गादीचा उपयोगच संपतो. डायपर ओला झाला की लगेच बदला, कोमट पाण्याने पुसून टिपून कोरडं करा आणि झिंक ऑक्साइडचं मलम लावा. पाय गार लागले तरी गरम पाण्याची पिशवी ठेवू नका. रुग्णाला चटका कळत नाही.

अगदी शेवटी

हलवलं की रुग्ण कण्हत असेल, कपाळावर आठ्या येत असतील, तर दोन तासांचा नियम बाजूला ठेवा. ज्या बाजूवर शांत वाटतं तिकडे जास्त वेळ राहू द्या. नुसती उशी चार बोटं सरकवली, हातापायाची जागा बदलली तरी दाब थोडा हलतो. ड्रेसिंगच्या अर्धा तास आधी दुखण्याचं औषध देता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. वास येत असेल तर मेट्रोनिडॅझोल या औषधाचा उपयोग होतो, पण तेही डॉक्टरांना विचारूनच. या टप्प्यावर जखम भरून आणणं हा हेतू नसतो, म्हणून रोज ओढून काढायच्या ड्रेसिंगपेक्षा काही दिवस टिकणारं ड्रेसिंग बरं. जखम भरावी म्हणून दूध, अंडं, प्रोटीन पावडर बळेच पाजू नका. गिळता येत नसताना घातलेला घोट फुप्फुसात जाऊ शकतो. ओठ ओल्या कापसाने टिपत राहा.

ताप आला, पू वाढला, रक्त थांबेना, जखमेभोवतीची लाली पसरू लागली किंवा दुखणं औषधाने आवरेना, तर डॉक्टरांना लगेच कळवा.

गादीबद्दल

एअर बेड नेहमीच्या गादीवर पसरायचा असतो, नुसत्या पत्र्यावर नाही. पंपावरचं बटण रुग्णाच्या वजनाप्रमाणे आमचा माणूस लावून देतो. ते फिरवू नका. माकडहाडाच्या खाली, एअर बेड आणि खालची गादी यांच्यामध्ये तळहात सरकवा. वरचं हाड हाताला टेकत असेल तर हवा कमी आहे. फुगे आलटून पालटून भरतात, त्यामुळे दहाएक मिनिटांनी पुन्हा हात घालून खात्री करा. वीज गेली की हवा हळूहळू उतरते. तेवढा वेळ कूस लवकर लवकर बदला. एअर बेड आहे म्हणून कूस बदलायची नाही, असं कधीच नसतं.

आमच्या मावशी मराठीबरोबर कन्नड किंवा तेलुगूही बोलतात. आजी-आजोबांना कोणती भाषा जवळची आहे ते बुकिंग करतानाच सांगा. पंप बंद पडला तर पावतीवरच्या नंबरवर रात्रीही फोन करा. रुग्ण गेल्यास भाडं त्याच दिवसापासून थांबतं. सामान न्यायला आम्ही तुम्ही बोलवाल तेव्हाच येऊ, तेराव्यानंतर बोलावलंत तरी चालेल.