बॉनेटमध्ये भोकं पाडायच्या आधी एवढं वाचा (थार, गुरखा, जिम्नी, जुनी जीप वाल्या ग्राहकांसाठी)

मार्च लागला की आमच्याकडं एकच मागणी सुरू होते, बॉनेटला लूव्हर (गरम हवा बाहेर जायच्या पत्र्याच्या चिरा) मारून द्या, गाडी लई तापतीये. लूव्हर आम्ही बसवतो, त्याचे पैसेही घेतो, पण निम्म्या गाड्यांना त्याची गरजच नसते. म्हणून हे पत्रक काढलं, काउंटरवर प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसतो.

पहिली गोष्ट, तापतीये म्हणजे नक्की काय तापतंय ते बघा. कूलंट तापणं वेगळं आणि बॉनेटखालची हवा तापणं वेगळं. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मधोमध असतो पण पायाशी चटके बसतात, बॅटरी वर्षा-दीड वर्षात जाते, वायरींचं कव्हर कडक होऊन तुटतं, जुन्या पेट्रोल जीपला उन्हात थांबवून परत मारली की स्टार्टच होत नाही (पेट्रोलची लाइनमध्येच वाफ होते), हे सगळं बॉनेटखालच्या गरमीचं काम. आणि काट्यावर फार विश्वास ठेवू नका, बऱ्याच नव्या गाड्यांत तो मुद्दाम मधोमध ठेवलेला असतो, तापमान चांगलं वरखाली झालं तरी हलत नाही. ओबीडीला (स्टिअरिंगखालच्या तपासणीच्या सॉकेटला) लावायचा छोटा ब्लूटूथ स्कॅनर घ्या, मोबाइलवर खरा आकडा दिसतो. ८५ ते १०० च्या मध्ये असेल तर कूलिंग ठीक आहे, मग पुढचं वाचा. ११० च्या वर जात असेल तर हे पत्रक बाजूला ठेवा आणि आधी गाडी घेऊन या.

आता ही गरमी येते कुठून? डिझेल टर्बो गाडी लोडवर चढ चढत असली की एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर गोळा करून बाहेर नेणारा भाग) आणि टर्बोतून ५००-७०० डिग्रीचा धूर जात असतो. त्यात रेडिएटरमधून येणारी हवा आधीच ८०-९० च्या पाण्यावरून आलेली. आणि मे महिन्यात सोलापुरात बाहेरच ४२-४३ असतंय, म्हणजे थंड हवा म्हणून आपण जी आत घेतो तीच गरम. हायवेला ८० नं जाताना वाऱ्याच्या जोरावर हे सगळं खालून निघून जातं. पण नदीच्या वाळूत नाहीतर तुळजापूरच्या बाजूच्या माळावर लो रेंजमध्ये (फोर बाय फोरच्या हळू पण ताकदीच्या गिअरला) १० च्या स्पीडनं चाललात की वारा शून्य, इंजिन जोरात, सगळी भिस्त पंख्यावर. पूर्वी माळवदाच्या घरात चुलीवरच्या छताला धूर जायला भोक ठेवायचे, ते बुजवलं की घरात डोळे चुरचुरणारच, गाडीचंही तेच. आणि गाडीतली वाट बहुतेक वेळा आपण स्वतःच बुजवलेली असते.

कशी ते बघा. पुढं विंच (अडकलेली गाडी ओढायची तारेची चरखी), त्याच्यावर लाइट बार, त्याच्याखाली दोन गोल स्पॉटलाइट, मधे मोठी नंबर प्लेट, ग्रिलच्या आत माशा जाऊ नयेत म्हणून बारीक जाळी. मग हवा येणार कुठून? खाली दगड लागू नयेत म्हणून सलग पत्र्याचं स्किड प्लेट, त्याला एक स्लॉट नाही, म्हणजे जायचं दार पण बंद. असली गाडी आली की आम्ही आधी लाइट बार वर छतावर नाहीतर खाली बंपरवर घ्यायला सांगतो, गिऱ्हाईक नाराज होतं कारण लूक जातो. स्किड प्लेट काढू नका, त्याला तिरके स्लॉट पाडून घ्या. पण कंपनीचा प्लास्टिकचा ट्रे हवा लागावी म्हणून काढून फेकू नका, काही गाड्यांत तो ट्रेच हवा रेडिएटरकडं वळवत असतो.

यानंतर रेडिएटर. वरून चकाचक दिसतो, खरी घाण कंडेन्सर (एसीची जाळी), इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारी जाळी) आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत असते. आपल्याकडं कडब्याचं भुसकट, उसाचं पाचट, कुसळं आणि त्यावर काळ्या मातीचा चिखल, हे वाळलं की सिमेंटसारखं बसतं. धुताना पुढून प्रेशर वॉशर मारला की फिन्स (जाळीच्या पातळ पत्र्या) झोपतात आणि घाण अजून आत जाते, तेव्हा इंजिनच्या बाजूनं पुढं असं साध्या पाइपच्या पाण्यानं, आधी भिजवून, सावकाश. वॉशिंग सेंटरला हे सांगून ठेवा, ते ऐकत नाहीत, तिथं उभं राहून करून घ्या.

घरी करायची एक टेस्ट. इंजिन चालू, एसी चालू, गाडी उभी, ग्रिलवर वहीचा कागद धरा. हात सोडल्यावर चिकटून राहिला तर पंखा ओढतोय, मधे चिकटतो पण कडेला पडतो तर कडेनं हवा गळतीये किंवा तिथं घाण आहे. दुसरं, अगरबत्ती लावून रेडिएटरच्या वरच्या कडेला धरा. धूर मागून पुढं येऊन परत ग्रिलमध्ये जाताना दिसला तर मागची गरम हवाच परत परत फिरतीये, मग कितीही मोठा पंखा लावा, उपयोग नाही. रेडिएटरच्या चारी बाजूच्या फटींना फोमची पट्टी लावायची, एवढंच काम आहे. थांबून थांबून चालणाऱ्या गाडीला एवढ्यानंसुद्धा फरक पडतो हे लोकांना पटत नाही.

पंखा बघताना श्राऊड (पंख्याभोवतीचं कडं) आहे का ते बघा, जुन्या जीपमध्ये तो कोणीतरी कधीतरी काढून टाकलेला असतो. आणि ज्यांनी बॉडी लिफ्ट (चॅसीवरून बॉडी वर उचलून घेणं) केलंय त्यांनी खास बघा, ज्या गाडीत रेडिएटर बॉडीवर बसतो तिथं बॉडीबरोबर तो वर जातो आणि पंखा इंजिनवर असल्यामुळं जागेवरच राहतो, मग पंखा श्राऊडच्या मधे न राहता खाली घासायला लागतो. व्हिस्कस पंख्याचं (इंजिनवर फिरणारा, गरम झाल्यावर क्लच धरणारा पंखा) क्लच गेलंय का ते ओळखायला गाडी चांगली गरम करून बंद करा, चावी काढून खिशात ठेवा, आणि पंखा हातानं फिरवा. जड लागला तर ठीक, सुळकन फिरत राहिला तर क्लच संपला. ते काढून दोन इलेक्ट्रिक पंखे बसवा म्हणणारे बरेच येतात, आम्ही शक्यतो नाही म्हणतो, दोन पंखे २०-३० अँपिअर खातात आणि विंच, लाइट सगळं त्याच अल्टरनेटरवर असतं.

कूलंटमध्ये बोअरचं पाणी घालू नका हे कितीदा सांगायचं. आपल्या बोअरच्या पाण्यानं बादलीला पांढरा थर येतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत येतो. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं निम्मं. रेडिएटरच्या कॅपचं रबर पण बघा, साधं पाणी इथं ९८-९९ ला उकळतं, १.१ बारची कॅप शाबूत असली तर तेच १२० च्या आसपास जातं, म्हणजे छोट्याशा कॅपवर २० डिग्री अवलंबून आहेत.

एवढं झाल्यावर मग गरमी अडवायची. मॅनिफोल्डला पट्टी गुंडाळून द्या म्हणतात, फायबरची रॅप, व्हिडिओत भारी दिसते. बिडाच्या मॅनिफोल्डला आम्ही ती गुंडाळत नाही, उष्णता आतच कोंडून बीड तडकू शकतं, चिखलपाण्यातून गेलात की पट्टी ओल धरते आणि आतला पाइप गंजतो, त्यात ऑइल गळून मुरलं तर आगीला आमंत्रणच. त्यापेक्षा पत्र्याची हीट शील्ड, मधे बोटभर हवेची फट ठेवून. फट महत्त्वाची, चिकटवून बसवलेली शील्ड स्वतःच तापून चटके देते. टर्बोला ब्लँकेट चालतं, पण फक्त गरम बाजूच्या हाउसिंगला, मधल्या ऑइलच्या भागाला झाकायचं नाही. बॅटरीला पेटी करा, वायरींना स्लीव्ह घाला, एअर फिल्टरची हवा बॉनेटखालून नव्हे तर बाहेरून येते ना ते बघा. ४० ऐवजी ७० डिग्रीची हवा आत गेली तर ती ९ टक्क्यांच्या आसपास विरळ असते, पिकअप कमी वाटतो त्याचं कारण कधी कधी एवढंच असतं.

आणि आता लूव्हर. ते रेडिएटरच्या मागं, बॉनेटच्या पुढच्या भागात बसवायचे, चालताना तिथं हवेचा दाब कमी असतो म्हणून आतली हवा वर ओढली जाते. काचेजवळ उलटं असतं, तिथं दाब जास्त. म्हणून हिंजखाली वॉशर घालून बॉनेट मागून उचलायची जी फॅशन आहे ती हळू चालताना काम करते, गरम हवा वर जाते, पण ७०-८० ला हवा उलटी आत शिरते. पटत नसेल तर चादरीच्या सुताचे दोन-चार धागे त्या फटीजवळ टेपनं चिकटवा, शेजाऱ्याला चालवायला द्या आणि मोबाइलवर शूट करा. शिवाय केबिनच्या ताज्या हवेचं तोंड तिथंच असतं, इंजिनचा सगळा वास आत येतो. लूव्हरच्या खाली फिल्टर, अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स येत असेल तर खाली पाणी वळवणारी पन्हळ लागते, नाहीतर सप्टेंबरचा एक पाऊस पुरे.

वॉरंटीतली गाडी असेल तर कापाकापी करू नका, कंपनी हात वर करते. आणि पुढचा बुल बार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये (गाडीत मनानं बदल करण्यावर बंदी) बसत नाही, २०१७ ला केंद्रानं तसं पत्रच काढलंय, तो आम्ही बसवत नाही, काढून मात्र देतो.

चालवताना सुद्धा थोडं बघा. चढ चढून आलात की लगेच चावी फिरवू नका, एक-दोन मिनिटं स्लोवर ठेवा. बंद केल्यावर पंखा थांबतो आणि पंधरा-वीस मिनिटं बॉनेटखालची गरमी उलट वाढते, तेव्हा सावलीत बॉनेट उघडून ठेवा. तापलेल्या इंजिनावर कळशीभर पाणी ओतू नका, आणि गरम कॅपला हात लावायचा नाही, फडकं धरून पण नाही.

तपासणीला यायचं असेल तर सकाळी, गाडी रात्रभर उभी राहून थंड झालेली असताना या. थंड असताना कूलंट आणि कॅप बघतो, मग तुमच्यासमोर गरम करून टेम्परेचर गननं आकडे लिहून देतो. चकचकीत पत्र्यावर गन खोटा, कमी आकडा दाखवते, म्हणून आम्ही आधी काळ्या रंगाचा ठिपका मारतो, त्याला गाडी खराब केली म्हणू नका, पुसून देतो. येताना गाडीला नंतर काय काय बसवलंय त्याची यादी आणा, आणि कंपनीचे काढलेले पार्ट घरी पडले असतील तर ते पण घेऊन या.