हॉट रॉडचा गिअरबॉक्स: मॅन्युअल की ऑटोमॅटिक, या वादाची पार्श्वभूमी

हॉट रॉडला, म्हणजे जास्त वेगासाठी बदलून बांधलेल्या जुन्या गाडीला, शोभतो तो क्लच आणि गिअरची दांडी, ऑटोमॅटिक ही नंतर आलेली आरामाची सोय, असं मत आजही अनेकांचं आहे. इतिहास पाहिला तर ते टिकत नाही. हॉट रॉडिंगची मुळं ज्या गाडीत आहेत त्या फोर्ड मॉडेल टीमध्ये (1908 ते 1927) आजच्या अर्थाने मॅन्युअल गिअरबॉक्स नव्हताच. तिच्यात दोन वेगांचा प्लॅनेटरी (मधल्या गिअरभोवती लहान गिअर फिरणारा) संच होता. डावं पेडल पूर्ण दाबलं की लो, अर्ध्यावर न्यूट्रल, सोडलं की हाय. ड्रमभोवती बँड आवळून गिअर पकडायचा हे तत्त्व पुढे ऑटोमॅटिकमध्ये आलं. दात सरकवून जोडायचा तीन गिअरचा बॉक्स फोर्डने मॉडेल एपासून दिला.

1932 मध्ये फोर्डचा फ्लॅटहेड व्ही-8 (बाजूला व्हॉल्व्ह असलेलं आठ सिलिंडरचं इंजिन) आला: 221 क्यूबिक इंच, 65 हॉर्सपॉवर. त्याच्या जोडीच्या बॉक्समध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरला सिंक्रोनायझर (गिअर जुळण्याआधी वेग सारखे करणारे भाग) होते, पहिल्याला नव्हता. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या कोरड्या तळ्यांवर, म्युरॉक आणि एल मिराजला, पोरं याच गाड्या पळवत. तिथे लांब सरळ धाव घेऊन सर्वाधिक वेग नोंदवायचा असे, त्यामुळे जागेवरून झेपावण्याला फारसं महत्त्व नव्हतं. बॉक्सकडून अपेक्षा एवढीच की दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिनाचे फेरे फार पडू नयेत. म्हणून लिंकन-झेफिरच्या बॉक्सचे जवळजवळच्या रेशोचे (फेऱ्यांच्या प्रमाणाचे) गिअर फोर्डच्या खोक्यात बसवण्याची चाल पडली. 1939 चा बॉक्स विशेष मागणीत असे, कारण त्याची दांडी जमिनीवर होती. 1940 पासून फोर्डने ती स्टिअरिंगच्या दांड्यावर नेली. हमरस्त्यावर इंजिनाचे फेरे कमी करायचे तर कोलंबियाचा दोन वेगांचा मागचा अॅक्सल असे. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या त्या यंत्रणेने फेरे 28 टक्क्यांच्या आसपास उतरत. म्हणजे ओव्हरड्राइव्हची (वेग तोच ठेवून इंजिनाचे फेरे उतरवणाऱ्या वरच्या गिअरची) गरज तेव्हाही होती, फक्त ती मागच्या अॅक्सलमध्ये भागवली जाई.

या फोर्ड बॉक्सचा शेवट ताकदीने केला. 1949 मध्ये कॅडिलॅकचं 331 आणि ओल्ड्समोबिलचं 303 क्यूबिक इंचाचं ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिन आलं आणि ही इंजिनं जुन्या फोर्डमध्ये बसू लागली. 65 हॉर्सपॉवरसाठी कापलेले दात त्या टॉर्कपुढे (फिरवण्याच्या जोरापुढे) तुटत. एक उपाय कॅडिलॅक-लासालच्या दणकट तीन गिअरच्या बॉक्सचा होता. दुसरा त्याच भंगारातल्या गाडीत इंजिनाला चिकटून मिळत होता, तो म्हणजे हायड्रामॅटिक.

हायड्रामॅटिक 1940 च्या ओल्ड्समोबिलमध्ये पहिल्यांदा विकला गेला. चार पुढचे गिअर (3.82, 2.63, 1.45 आणि 1.00) आणि तेलातून जोर वाढवून पोचवणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरऐवजी साधं, जोर नुसता पोचवणारं फ्लुइड कपलिंग. दुसऱ्या महायुद्धात तो कॅडिलॅक इंजिनांसोबत एम5 या हलक्या रणगाड्यात गेला. युद्धानंतर पॉन्टियाक, नॅश, हडसन, कैसर, लिंकन अशा अनेक गाड्यांत तो बसला, त्यामुळे भंगारात त्याची वाण नव्हती. फ्लुइड कपलिंग टॉर्क वाढवत नाही, पण 3.82 चा पहिला गिअर ती उणीव भरून काढतो. मोठ्या मागच्या टायरची गाडी जागेवरून उचलायला तो फार कामाचा ठरला. दणका बसण्याआधी कपलिंगमधलं तेल तो थोडा शोषून घेई, म्हणून मागचे अॅक्सलही वाचत. 1953 मध्ये सुरू झालेल्या बी अँड एम कंपनीने हायड्रामॅटिक शर्यतीसाठी तयार करून विकला आणि गॅसर (पेट्रोलवर धावणाऱ्या ड्रॅग गाड्यांच्या) वर्गातल्या कित्येक गाड्या पाव मैलाच्या पट्टीवर त्याच्या भरवशावर धावल्या. तेव्हा ऑटोमॅटिकला आरामाची वस्तू म्हणणाऱ्याने या काळाकडे जरूर पाहावं. आरामासाठी काढलेला डायनाफ्लो (ब्यूक, 1948) हॉट रॉडवाल्यांनी जवळपास टाळलाच, आणि आडदांड, झटके देणारा हायड्रामॅटिक उचलला. 1950 चा दोन गिअरचा पॉवरग्लाइडही सुरुवातीला दुर्लक्षित राहिला. पुढे ड्रॅग रेसिंगमध्ये मात्र त्याने मुक्काम ठोकला, कारण गिअर एकदाच बदलायचा आणि आत फिरणारं वजन कमी.

दांडीवाल्यांचे दिवस 1957 ला फिरले. त्या वर्षी कॉर्व्हेटला बोर्ग-वॉर्नरचा टी-10 हा चार गिअरचा बॉक्स मिळू लागला. 1963 पासून जनरल मोटर्सचा मन्सी, 1964 पासून फोर्डचा टॉप लोडर आणि क्रायस्लरचा ए-833 आले. चारही गिअरना सिंक्रो आणि खोकं मजबूत. अडचण खोक्याबाहेर होती. कंपनीच्या दांड्या-लिंकेज झटपट बदलताना मध्येच अडकत आणि जोरात ओढलं तर आतला, गिअर सरकवणारा फोर्क वाकत असे. हर्स्टच्या शिफ्टरने यावर तोडगा काढला. हालचाल संपते तिथे फिरवून बसवता येणारे बोल्ट लावून त्याने हाताचा जोर फोर्कपर्यंत जाऊ दिला नाही. आजही तो शिफ्टर बसवताना न्यूट्रलमध्ये सगळ्या लिव्हरांच्या भोकांतून पाव इंची पिन आरपार घालतात, मग प्रत्येक दांडीची लांबी अशी जुळवतात की तिचं टोक ताण न देता भोकात बसावं. पिन घट्ट अडकली तर जुळणी चुकली आहे. ती तशीच सोडली की गिअर सुटू लागतात, आणि लोक विनाकारण बॉक्स उघडतात.

त्याच सुमारास ऑटोमॅटिकचीही दुसरी पिढी आली. क्रायस्लरचा टॉर्कफ्लाइट 1956 चा, त्याचं अॅल्युमिनियम खोक्याचं 727 हे रूप 1962 चं. फोर्डचा सी4 आणि जनरल मोटर्सचा टर्बो 400 दोन्ही 1964 चे, टर्बो 350 हा 1969 चा. तीन गिअर आणि खरा टॉर्क कन्व्हर्टर. गाडी सुटताना कन्व्हर्टर टॉर्क जवळपास दुप्पट करतो, त्यामुळे टर्बो 350 चा 2.52 चा पहिला गिअर हायड्रामॅटिकच्या 3.82 पुढे लंगडा पडला नाही. 1970 मध्ये इलिनॉयच्या पिओरिया शहरात पहिलं स्ट्रीट रॉड नॅशनल्स भरलं. शर्यतीपेक्षा लांबचा प्रवास करणारे रॉड तिथून वाढत गेले. शेव्हरोलेचं 350 इंजिन, मागे टर्बो 350, त्यामागे फोर्डचा 9 इंची अॅक्सल हा त्रिकूट जणू ठरूनच गेला.

या त्रिकुटाच्या यशात एका कायद्याचाही वाटा होता, याकडे सहसा लक्ष जात नाही. 1974 पासून अमेरिकेत हमरस्त्यावर ताशी 55 मैलांची मर्यादा होती. 28 इंच व्यासाचा टायर आणि 3.73 चा मागचा (मागच्या अॅक्सलचा) रेशो धरला तर 55 ला इंजिन साधारण 2460 फेऱ्यांवर चालतं. तेवढं सहन होतं. 1987 नंतर शहराबाहेर 65 ची मुभा मिळाली आणि 1995 मध्ये राष्ट्रीय मर्यादाच गेली. त्याच गाडीत 70 ला फेरे 3130 च्या पुढे जातात. दिवसभर त्या आवाजात बसणं कुणालाही नको होतं. ओव्हरड्राइव्हचा जमाना आला तो इथून.

कंपन्यांनी इंधन वाचवायला ओव्हरड्राइव्ह आधीच काढले होते: फोर्डचा एओडी 1980 चा, जनरल मोटर्सचा 200-4आर 1981 चा आणि 700आर4 1982 चा. रॉडवाल्यांना 700आर4 आवडला तो 3.06 च्या पहिल्या गिअरमुळे. मागे 3.73 असेल तर दोन्हींचा गुणाकार 11.4 येतो, टर्बो 350 चा फक्त 9.4. शिवाय चौथा 0.70 चा असल्याने 65 ला फेरे 2900 वरून 2040 च्या आसपास उतरतात. पण पहिल्या-दुसऱ्यात मोठी दरी आहे, 3.06 वरून थेट 1.63, आणि वरच्या फेऱ्यांतच ताकद देणाऱ्या कॅमला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला) ती जाणवते. 200-4आर चे रेशो जास्त जवळचे. त्याची लांबीही टर्बो 350 इतकीच, म्हणून जुन्या टर्बोच्या जागी तो बसवताना प्रोपेलर शाफ्ट कापावा लागत नाही. मागचा माउंट तेवढा सरकवावा लागतो.

700आर4 ला बदनाम केलं ते थ्रॉटल व्हॉल्व्हच्या केबलने. जुन्या टर्बो 350 मध्ये अशीच एक केबल फक्त किकडाउनसाठी (अॅक्सिलरेटर जोरात दाबल्यावर खालचा गिअर पाडण्यासाठी) असे, म्हणून ही पण तशीच समजून अंदाजाने लावली जाते. प्रत्यक्षात आतला तेलाचा दाब हीच केबल ठरवते. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर ती शेवटपर्यंत ओढली गेली पाहिजे आणि मधल्या दाबालाही प्रमाणात हलली पाहिजे. कार्बोरेटर बदलला की त्याच्या लिव्हरवरचं केबलचं टोक वेगळ्या त्रिज्येवर येतं आणि हे गणित बिघडतं. त्यासाठी दुरुस्तीचा ब्रॅकेट मिळतो, तो लावायलाच हवा. केबल सैल राहिली तर दाब कमी पडतो, तिसऱ्या-चौथ्याचे क्लच घसरून जळतात, तेही थोड्याच मैलांत. नवा बांधलेला बॉक्स गेला की दोष बांधणाऱ्यावर येतो. दाबाचा गेज लावून पाहिलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं.

ओव्हरड्राइव्हसोबत कन्व्हर्टरचाही विचार बदलावा लागतो. मोठा कॅम लावला की मूळचा कन्व्हर्टर गिअरमध्ये इंजिनाला दाबून ठेवतो, सिग्नलवर गाडी पुढे रेटत राहते किंवा बंद पडते. म्हणून 2200 ते 2500 स्टॉलचा, म्हणजे साधारण तेवढ्या फेऱ्यांपर्यंत घसरू देणारा, कन्व्हर्टर घेतात. पण 65 ला फेरे 2040 असतील तर हा कन्व्हर्टर सतत घसरत राहणार आणि तेल तापणार. लॉकअप (कन्व्हर्टरचं घसरणं थांबवणारा क्लच) जोडलेला नसेल तर ओव्हरड्राइव्हचा निम्मा फायदा तिथेच संपतो. रेडिएटरच्या टाकीतला कूलर अशा गाडीला पुरत नाही, समोर हवेत वेगळा कूलर लावावा. टर्बो 350 आणि 400 मध्ये कॅमचा त्रास आणखी एका वाटेने येतो. त्यांचा मॉड्युलेटर (आतला तेलाचा दाब बदलणारा भाग) इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो. व्हॅक्यूम पाऱ्याच्या 18 इंचांऐवजी 10-12 इंच मिळाला की गिअर उशिरा आणि धक्क्याने पडतात.

दांडीलाही ओव्हरड्राइव्ह मिळाला आणि तिचं पुनरागमन झालं. बोर्ग-वॉर्नरचा पाच गिअरचा टी-5 1983 पासून मस्टँगमध्ये होता. वजन साधारण 75 पौंड आणि अंग बारीक, त्यामुळे जुन्या फोर्डच्या चॅसीत तो मधला सांगाडा फारसा न कापता मावतो. मस्टँगची दांडी मात्र खूप मागे, जवळजवळ सीटखाली येते. शेव्हरोले एस-10 पिकअपच्या टी-5 चं मागचं खोकं आणि वरचं झाकण लावलं की ती पुढे सरकते, मग आत मस्टँगचे गिअर ठेवून हा संकर बांधतात. फ्लॅटहेड इंजिनाला तो जोडायचे अॅडॉप्टरही तयार मिळतात. 1985 नंतरच्या वर्ल्ड क्लास टी-5 मध्ये ऑटोमॅटिकचं तेलच घालायचं. सवयीने 90 नंबरचं गिअर ऑइल ओतलं तर सिंक्रोच्या अस्तर लावलेल्या रिंगा नीट पकडत नाहीत आणि गिअर अडखळतात. जास्त ताकदीला पुढे ट्रेमेकचे टीकेओ आणि टीकेएक्स आले.

रेशोचा हिशोब मात्र इथे जपून करावा. मस्टँगच्या टी-5 चा पहिला गिअर 3.35 आहे. मागे 3.73 असेल तर एकूण 12.5 होतात. 2400 पौंडांच्या रोडस्टरमध्ये तो गिअर सुटता सुटताच संपतो. मागे 3.25 घेतला तर पहिला 10.9 वर छान बसतो, पण पाचव्यात 65 ला फेरे 1720 वर येतात आणि मोठ्या कॅमचं इंजिन तिथे गचके देतं. अशा वेळी 2.95 चा पहिला गिअर असलेला टी-5 आणि मागे 3.55 हा मेळ बरा. रस्त्यावरच्या रॉडला पहिला गिअर गुणिले मागचा रेशो 10 ते 11 च्या मध्ये असावा. जुना 2.20 चा मन्सी 3.55 च्या अॅक्सलपुढे लावला तर हा आकडा 7.8 वर येतो आणि प्रत्येक सिग्नलला क्लच घासावा लागतो.

जोडणीच्या चुका दोन्हीकडे ठरलेल्या आहेत. मॅन्युअलमध्ये बेलहाउसिंगचं (इंजिन आणि बॉक्स जोडणाऱ्या खोक्याचं) मधलं भोक क्रँकच्या मध्याशी जुळतं का, हे डायल गेज फिरवून पाहावं. पूर्ण फेरीत काटा 0.010 इंचापेक्षा जास्त हलला तर ऑफसेट डॉवेल (मध्य सरकवणाऱ्या जोड-पिना) लावावे. काटा दाखवतो त्याच्या निम्मं अंतर खरं असतं, म्हणजे 0.014 ला 0.007 चं डॉवेल. हे टाळलं की क्लच पुरता सुटत नाही, पायलट बेअरिंग खाल्लं जातं, गिअर उडतो. ऑटोमॅटिकमध्ये कन्व्हर्टर फिरवत फिरवत आत ढकलायचा, तो इनपुट शाफ्ट, स्टेटर आणि पंप अशा टप्प्यांनी बसतो. बेलहाउसिंग इंजिनाला टेकवल्यावर कन्व्हर्टर हाताने फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपासून (क्रँकला लागलेल्या पातळ तबकडीपासून) 1/8 ते 3/16 इंच दूर असला पाहिजे. अंतर उरलं नसेल आणि बोल्ट आवळून खोकं जवळ ओढलं तर इंजिन सुरू होण्याआधीच पंप फुटतो.

निर्णय पुष्कळदा पायाखालच्या जागेवर होतो. 1932 च्या फोर्डमध्ये पायांकडचा भाग इतका अरुंद आहे की तीन पेडलं, त्यांच्यामधून जाणारा स्टिअरिंगचा दांडा आणि रुंद बूट हे सगळं एकत्र मावत नाही. क्लचचं लिंकेज एक्झॉस्टच्या हेडरला घासतं, तिथे हायड्रॉलिक रिलीज बेअरिंग वापरावं लागतं, आणि ते गळलं तर बॉक्स उतरवल्याशिवाय हात पोचत नाही. म्हणून इंजिन-गिअरबॉक्स चॅसीत ठेवून, सीट आणि स्टिअरिंग जागेवर बांधून, चालवणाऱ्याला त्याच्या रोजच्या बुटांसह आत बसवावं आणि पेडलांच्या जागा पुठ्ठ्याने आखाव्यात. चॅसीच्या मधल्या सांगाड्याला करवत लावायची ती त्यानंतर.