ओळीची पहिली जागा: साध्या मजकुरात समीकरण मोडतं तेव्हा

शाळेच्या गणिताच्या वहीत एक शिस्त सगळ्यांच्या हाताला लागलेली असते. पदावली लांबली की पुढची ओळ '=' ने सुरू करायची, आणि ते चिन्ह वरच्या '=' च्या अगदी खाली यायला हवं. बेरीज मध्येच मोडावी लागली तर '+' खालच्या ओळीच्या तोंडाशी. डोळा डावीकडून सरळ खाली उतरतो आणि काय चाललंय ते कळतं. छापील पुस्तकांतही वेगळ्या ओळीत मांडलेलं मोठं समीकरण बहुधा चिन्हाच्या आधीच तोडतात. वाक्याच्या ओघात आलेलं छोटं समीकरण मात्र चिन्हानंतर तुटतं. रशियन परंपरेत तर तेच चिन्ह ओळीच्या शेवटी आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला, असं दोन्हीकडे छापतात.

मागे एका टिपणात मी $अ + ब + क$ असं काहीसं वाक्यातच लिहिलं होतं; समीकरण कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं याची खूण म्हणजे ती डॉलर चिन्हं. एडिटरने, म्हणजे मजकूर टाइप करायच्या प्रोग्रामने, परिच्छेद ७२ अक्षरांच्या रुंदीत बसवताना ओळ नेमकी '+' च्या आधी तोडली. पान तयार झालं तेव्हा वाक्याच्या मधोमध एक गोल ठिपका उगवला होता, त्याच्यापुढे 'ब', आणि दोन्ही डॉलर चिन्हं उघडी पडलेली. गणित बरोबर होतं, एडिटरनेही सांगितलं तेच केलं होतं. घोटाळा त्याच्या फार आधीचा आहे. साध्या मजकुरात ओळीची पहिली जागा कधीच साधी नव्हती.

सुरुवात पंच कार्डापासून, म्हणजे छिद्रं पाडून माहिती नोंदवायच्या कार्डापासून, करावी लागते. आयबीएमने १९२८ मध्ये ८० स्तंभांचं कार्ड आणलं आणि त्या ८० ने पुढे पडद्यांचीही रुंदी ठरवून टाकली. ७२ चं मूळ आणखी गमतीचं आहे. आयबीएम ७०४ या संगणकाचं कार्डवाचक यंत्र कार्डाची एक आडवी रांग ३६ बिटांच्या दोन शब्दांत वाचायचं, म्हणजे ७२ च स्तंभ. उरलेले आठ वाया. याच यंत्रासाठी १९५७ मध्ये फोरट्रान ही प्रोग्रामिंगची भाषा आली, जिच्या नावातच 'फॉर्म्युला' आहे. तिथे पहिले पाच स्तंभ विधानाच्या क्रमांकासाठी राखलेले, मजकूर सातव्यापासून बहात्तराव्यापर्यंत. सूत्र एका कार्डावर मावलं नाही तर पुढच्या कार्डाच्या सहाव्या स्तंभात एक खूण करायची: हे आधीचंच पुढे चालू. रिकाम्या जागांना फोरट्रानमध्ये अर्थच नव्हता, त्यामुळे सूत्र कुठेही तोडता यायचं. आज ही पद्धत अडाणी वाटते, पण ओळ तुटली आहे की संपली आहे, हे तिथे यंत्राला स्पष्ट कळत होतं. नंतरच्या बऱ्याच सोयींनी नेमकं तेवढंच गमावलं.

सत्तरच्या दशकात बेल लॅबमध्ये युनिक्स या संगणकप्रणालीवर ट्रॉफ हा अक्षरजुळणीचा प्रोग्राम आला. त्याचा नियम असा, की ओळीच्या सुरुवातीला टिंब दिसलं की ती ओळ मजकूर नाही, हुकूम आहे. आता वाक्यात '.५' असा दशांश आहे आणि ओळ त्याच्या आधी तुटली, असं समजा. ट्रॉफला तो अनोळखी हुकूम वाटतो आणि ती अख्खी ओळ तो मुकाट गिळतो. तक्रारसुद्धा करत नाही. छापलेल्या कागदावर एक ओळ कमी, एवढंच.

ट्रॉफच्या जोडीला ब्रायन कर्निघन आणि लोरिंडा चेरी यांनी ईक्यूएन ही समीकरणांची भाषा तयार केली. गणित किंवा छपाई यांतलं काही न जाणणाऱ्या टंकलेखकालाही ती वापरता यावी, हा हेतू होता. समीकरण फोनवरून वाचून दाखवावं तसं लिहायचं. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे, आत टाइप केलेल्या रिकाम्या जागा आणि नव्या ओळी फक्त शब्द वेगळे करायला. कागदावरच्या अंतराशी त्यांचा संबंध नाही. ओळ यंत्राच्या मर्यादेसाठी न तोडता लिहिणाऱ्याच्या सोयीने तोडावी, हा विचार इथे रुजला. कर्निघन यांचा युनिक्स शिकणाऱ्यांना त्याच काळातला सल्ला होता, की प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर सुरू करा आणि ओळी स्वल्पविराम, अर्धविराम अशा नैसर्गिक ठिकाणी तोडा. म्हणजे पुढे दुरुस्ती सोपी जाते.

डोनाल्ड कनूथ यांचं टेक, गणिताच्या छपाईसाठीचा अक्षरजुळणीचा प्रोग्राम, १९७८ मध्ये आलं. त्यात ओळीचा शेवट म्हणजे एक रिकामी जागा, आणि गणिताच्या आत रिकाम्या जागेला किंमत शून्य. म्हणजे डॉलर चिन्हांच्या मधलं समीकरण एडिटरने कुठल्याही रिकाम्या जागी तोडलं तरी छपाईत फरक पडत नाही. छापील ओळ कुठे तोडायची हे टेक स्वतः ठरवतं: वाक्यातलं समीकरण '=' सारख्या चिन्हानंतर तोडलं तर ५०० दंड, '+' सारख्या चिन्हानंतर तोडलं तर ७००, आणि महिरपी कंसाच्या आत तोडायचंच नाही. कुठे तोडलेलं कमी खुपतं याचा जुळाऱ्यांचा अनुभव कनूथ यांनी आकड्यांत बसवला.

दोन सापळे तरीही राहिले. गणिताच्या आत कोरी ओळ चालत नाही. हे मुद्दाम आहे, कारण एखादं डॉलर चिन्ह मिटायचं राहिलं तर चूक त्याच परिच्छेदात पकडली जावी. दुसरा सापळा % चा. त्याच्यापुढचं ओळीच्या शेवटापर्यंतचं सगळं टेक वगळतं. जुनं समीकरण % लावून बाजूला ठेवलं आणि बेसावध एडिटरने ती लांब ओळ दुमडली, की दुसरा अर्धा तुकडा % विना खाली येतो आणि छापला जातो. कधीकधी तो व्याकरणात बसतोही, मग तर कुणाच्या लक्षातच येत नाही.

एडिटरवाल्यांकडे या सगळ्याची जाण उशिरा आली. व्हीआय काय किंवा ईमॅक्स काय, त्यांच्या लेखी परिच्छेद म्हणजे शब्दांची माळ. ठरलेल्या रुंदीच्या आतली शेवटची रिकामी जागा शोधायची आणि तिथे तोडायचं. ईमॅक्समध्ये ही रुंदी मुळात ७० असते. '=' च्या दोन्ही बाजूंच्या जागा आणि 'पण' नंतरची जागा त्याला सारखीच. टेकला याने काही होत नसलं तरी माणसाला होतं. अर्धं समीकरण वर, अर्धं खाली, आणि शोधायला गेलं तर सापडत नाही, कारण साधा शोध बहुधा एका ओळीतच चालतो. ईमॅक्ससाठीच्या ऑकटेक या जोडणीत याला उत्तर मिळालं. समीकरण उरलेल्या जागेत मावत नसेल तर त्याच्या आतमध्ये न तोडता सुरुवातीच्या खुणेआधी किंवा शेवटच्या खुणेनंतर तोडायचं, अशी सोय तिथे आहे. तिचा एक फायदा दिसण्याचा आहे: समीकरणाचं छापील रूप एडिटरमध्येच दाखवायचं, तर ते एका ओळीत सलग असलेलं बरं.

समीकरण हा एक शब्द माना, ही कल्पना मला आजही सगळ्यांत शहाणी वाटते. मराठीत मात्र ती जपून वापरावी लागते. आपण '$क$चा वर्ग' लिहितो, '$न$वं पद' लिहितो. प्रत्यय डॉलर चिन्हाला चिकटलेला. बंद होणाऱ्या डॉलरनंतर बिनधास्त तोडायला सांगितलं, तर टेक त्या तुटीची रिकामी जागा करणार आणि छापून येणार 'क चा वर्ग'. म्हणजे मराठीपुरता नियम असा हवा, की शब्द डॉलरपाशी संपत नाही, प्रत्ययापाशी संपतो. रुंदी मोजण्याचीही तऱ्हा आहेच. 'क्ष' डोळ्याला एक अक्षर, युनिकोडमध्ये तीन चिन्हं, साठवणीत नऊ बाइट. बाइट मोजणाऱ्या जुन्या अवजारांना मराठी परिच्छेद दिला की ओळी निम्म्याच्याही आत तुटतात.

२००४ मध्ये जॉन ग्रुबर यांचं मार्कडाउन, साध्या खुणांनी मजकूर मांडायची पद्धत, आलं आणि ओळीच्या पहिल्या जागेवर पुन्हा पहारे बसले. '+' आणि '-' म्हणजे यादी, '>' म्हणजे अवतरण, '#' म्हणजे मथळा. खुणा ईमेलच्या सवयीतून घेतलेल्या, गणित कुणाच्या मनातही नव्हतं. पण नेमकी हीच चिन्हं घेऊन गणितवाले ओळ सुरू करतात. असमानता '>' पाशी तुटली की उजवी बाजू अवतरण होते. दोन मोठ्या सारण्यांच्या (मॅट्रिक्सच्या) मध्ये एका ओळीवर एकटं '=' ठेवलं, आणि प्रणालीने आधी गणित बाजूला काढलं नसेल, तर वरचा मजकूर चक्क मोठ्या टायपातलं शीर्षक होतो. २०१४ मध्ये कॉमनमार्क नावाने नियम काटेकोर लिहायला घेतले तेव्हा आकड्यांचा त्रास ओळखला गेला. 'खिडक्या १४.' असं वाक्य १४ च्या आधी तुटलं तर यादी होऊ नये, म्हणून परिच्छेदाला मध्येच तोडणारी क्रमांकित यादी १ पासूनच सुरू व्हायला हवी, असं पुढे ठरलं. '+' आणि '-' ला ही सवलत मिळाली नाही.

दरम्यान २००५ मध्ये गिट, फाइलींतले बदल नोंदवून ठेवणारी प्रणाली, आलं आणि ओळीला आणखी एक अर्थ चिकटला: बदल मोजण्याचं एकक. वाक्यात एक शब्द घातला आणि परिच्छेद नव्याने दुमडला, की सहा ओळी बदललेल्या दिसतात. समीकरणातलं चिन्ह खरंच बदललं का, हे त्या गर्दीत शोधत बसायचं. त्यामुळे पुष्कळ जण फाइलमध्ये ओळ न तोडता फक्त पडद्यावर दुमडून दाखवण्याकडे वळले. ईमॅक्सने २००९ मध्ये शब्द न तोडता असं दाखवण्याची पद्धत आणली. मी आता एक वाक्य एक ओळ असं लिहितो, कर्निघन यांच्या जुन्या सल्ल्याप्रमाणे, आणि दुमडणं पडद्यावर सोडतो. वेगळ्या ओळीतली मोठी समीकरणं मात्र हातानेच तोडतो. तिथे एडिटरने बोटही लावू नये, या मताचा मी आहे.

वहीतली शिस्त मार्कडाउनमध्ये सांभाळायची असेल तर एक पळवाट आहे. परिच्छेदाची ओळ '+' ने सुरू करण्याआधी चार जागा सोडायच्या. कॉमनमार्कच्या नियमानुसार तीन जागांपर्यंत ती यादीच समजली जाते, चारपासून मात्र आधीच्याच परिच्छेदाची पुढची ओळ. फक्त ईमॅक्समध्ये चुकून परिच्छेद सारखा करायची कळ दाबायची नाही. हाताने केलेली ती मांडणी तो इमानेइतबारे मोडतो.