‘एकशेपंचेचाळीस बारा’चं त्रांगडं

जुन्या मारुती 800 ला टायर घ्यायला सोलापुरात कुठल्याही दुकानात उभं राहा, साइज विचारल्यावर मालक सांगतो, ‘एकशेपंचेचाळीस बारा’. पुढचा प्रश्न दुकानदाराचा असतो: सत्तर का ऐंशी? मालक गोंधळला की उत्तरही तोच देतो, ‘ऐंशी घ्या, गाडी उचलून येते.’ होटगी रोड असो की जुना पुणे नाका, हा संवाद वर्षानुवर्षं चालत आलाय. त्यात निम्मा भाग अनुभवाचा आहे, आणि निम्मा दुकानात काय पडून आहे त्याचा.

फार मागे जायची गरज नाही. हवेचा टायर 1888 च्या सुमारास एका पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकीसाठी बनवला, काठापासून काठापर्यंत आडवे धागे असलेल्या रेडियल टायरचं पेटंट 1946 मध्ये फ्रान्समध्ये निघालं, एवढं पुरे. आपल्याकडे पद्मिनीला 5.20-14 आणि अ‍ॅम्बेसिडरला 5.90-15 लागायचा. हे आकडे इंचांत, आणि त्यांत टायरची उंची कुठेच लिहिलेली नसायची, कारण ती जवळपास रुंदीइतकीच असते हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. मालकाला निवड अशी नव्हतीच. मिळेल तो घ्यायचा, झिजला की वर नवं रबर चढवून रिमोल्ड करायचा.

1983 च्या डिसेंबरात 800 आली, 1986 मध्ये तिचं अंग बदललं, आणि पुढे या गाडीची ओळख बनलेली साइज म्हणजे 145/70 आर 12: रुंदी 145 मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या 70 टक्के, आर म्हणजे रेडियल, आणि आतली लोखंडी डिस्क 12 इंची. इथून पुढे टायरवर उंचीचा आकडा आला आणि वादाला जागा झाली.

गुंता खरा वाढवला ओम्नीने. तिच्या टायरवर लिहिलेलं असतं नुसतं 145 आर 12, पुढे एलटी, म्हणजे लाइट ट्रक. मध्ये तिरकी रेघ नाही, सत्तर नाही, ऐंशी नाही. जुन्या मेट्रिक रेडियलमध्ये उंचीचा आकडा गाळलेला असला की ती रुंदीच्या सुमारे 82 टक्के धरायची, अशी ही रीत. म्हणजे ओम्नीचा टायर 800 पेक्षा चांगलाच उंच, शिवाय मालवाहू घडणीचा, जास्त प्लायचा म्हणजे थरांचा, जास्त हवेवर चालणारा. मग 2000 मध्ये अल्टो आली 145/80 आर 12 घेऊन. आता ‘एकशेपंचेचाळीस बारा’ या एकाच नावाखाली तीन वेगळे टायर दुकानात लटकायला लागले. तिघेही 800 च्या डिस्कवर चढतात, हवा धरतात, गाडी रस्त्याला लागते. चढतो म्हणजे बसतो, अशी समजूत तिथूनच घट्ट झाली. ओम्नीचा टायर 800 ला लावून वर कमी हवा ठेवणारे महाभागही आहेत, त्यांच्याबद्दल बोलायलाच नको.

सत्तर-ऐंशीचा हिशोब मांडला तर फरक दिसतो तेवढा किरकोळ नाही. सत्तरच्या टायरची भिंत 101.5 मिलिमीटर, ऐंशीची 116. पूर्ण चाकाचा व्यास 508 वरून 537 मिलिमीटरवर जातो, म्हणजे पावणेसहा टक्के वाढ. मूळ व्यासापासून तीन टक्क्यांच्या आत राहावं असा टायरच्या धंद्यातला सर्वसाधारण दंडक आहे. ऐंशी त्याच्या जवळजवळ दुप्पट बाहेर जातो.

मिळतं काय? गाडीचं पोट जमिनीपासून दीड सेंटिमीटर वर. ज्याने मागच्या सीटवर चादरी-टॉवेलांचे गठ्ठे भरून गल्लीतल्या हाताने घातलेल्या गतिरोधकांवरून 800 काढलीय, त्याला हा दीड सेंटिमीटर हसण्यावारी नेता येणार नाही. स्प्रिंगा बसलेल्या असतात, सायलेन्सर घासतो, आणि स्प्रिंग बदलण्यापेक्षा टायर तसेही बदलायचेच असतात. शिवाय ऐंशीवाल्यांकडे आणखी एक मुद्दा आहे: भारांक. सत्तरवर बहुधा 69 असतो, म्हणजे टायरमागे 325 किलो. ऐंशीवर 74, म्हणजे 375 किलो. मुद्दा खरा, पण माणसांसकट हजार किलोच्या आसपास जाणाऱ्या गाडीला चार टायरांचे 1300 किलो मुळातच पुरत होते.

जातं काय ते मात्र दुकानात कोणी सांगत नाही. जेमतेम चाळीस अश्वशक्तीचं इंजिन, आणि चाक मोठं झाल्याने प्रत्येक गिअर पावणेसहा टक्के जड झाला. सोलापूरच्या सपाटीवर ते जाणवत नाही. पाच जणांना घेऊन तुळजापूरचा घाट चढताना तिसऱ्यात गाडी दम टाकते आणि दुसरा घालावा लागतो, तेव्हा जाणवतं. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की काही गाड्यांत टायर मडगार्डला आतून घासतो. वेगाचा काटा 60 दाखवतो तेव्हा गाडी 63 च्या वर असते. (कंपनीचा काटा मुळात थोडं जास्तच दाखवतो, त्यामुळे ऐंशीवाले म्हणतात, आमचाच बरोबर. म्हणू देत.)

‘ऐंशी टाकला आणि अ‍ॅव्हरेज पडलं’ या तक्रारीत तर अर्धी गंमत आकडेमोडीची आहे. सोलापूर-तुळजापूर सुमारे 45 किलोमीटर. ऐंशीवर मीटरमध्ये साडेबेचाळीसच पडतात. पेट्रोल 45 चं जळलं, भागाकार साडेबेचाळीसला केला, तर अ‍ॅव्हरेज कागदावर पडणारच.

मधला मार्ग म्हणून मागे ऐंशी आणि पुढे सत्तर, ही जोडी गावात बरीच चालते. 800 पुढच्या चाकांवर ओढणारी आणि काटाही तिथूनच चालणारा, म्हणून मीटर बिघडत नाही आणि लोडला मागची बाजू उचललेली राहते. हुशारी आहे. पण स्टेपनी कुठली ठेवणार? ऐंशीची ठेवली आणि पंक्चर पुढे झालं, की ओढणाऱ्या दोन चाकांत 29 मिलिमीटरचा फरक पडतो. मग सरळ रस्त्यावरसुद्धा गिअरबॉक्समधला डिफरन्शियल, म्हणजे वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग, अखंड फिरत राहतो. पंक्चरच्या दुकानापर्यंत ठीक, अक्कलकोटला जाऊन यायला नाही.

या सगळ्यात एक संधी हुकली ती नॅनोची. 2009 मध्ये रस्त्यावर आलेल्या नॅनोला पुढे 135/70 आर 12 आणि मागे 155/65 आर 12 होते. हा मागचा टायर व्यासाला 506 मिलिमीटर, 800 च्या मूळ टायरपेक्षा जेमतेम दीड मिलिमीटरने कमी. टायर थोडा रुंद हवा आणि काटा बिघडायला नको, तर बारा इंचांत यापेक्षा जवळचं काही नव्हतं. अडचण एकच, 800 ची मूळ लोखंडी डिस्क अरुंद, आणि या टायरला थोडी रुंद बरी. नॅनोचीच डिस्क काढून लावू म्हणावं तर तिला तीन नट, 800 ला चार. त्यामुळे हा पर्याय फार कोणी धरला नाही. रुंद टायरने गाडी उचलत नाही हेही कारण असावं.

अलॉय चाकांची हौस वेगळी. 800 च्या चार नटांचं वर्तुळ 114.3 मिलिमीटरचं, म्हणजे साडेचार इंच. सॅन्ट्रो, स्विफ्टचं 100. बाजारात तेरा इंची अलॉय ढिगाने मिळतात ती बहुतेक या शंभरची, म्हणून 800 वाला हात हलवत परत येतो. एका अर्थी तो सुटतो, कारण फरक ढळढळीत आहे. फसतात ते फियाटवाले. त्यांचं वर्तुळ 98 चं. शंभरचं चाक दोन मिलिमीटरच्या फरकावर पान्याच्या जोराने बसवता येतं, पण बोल्ट तिरके बसतात आणि चाक केंद्रात राहत नाही. थरथर बॅलन्सिंगने जात नाही म्हणून तक्रार येते ती अशा गाड्यांची.

कायद्याची भीती 2019 नंतर वाढली. त्या वर्षीच्या जानेवारीत मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 वर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला: मूळ नोंदणीशी विसंगत बदल गाडीत चालणार नाहीत. प्रकरण बॉडीतल्या बदलांचं होतं, टायरचं नव्हतं, पण चर्चेत टायरही ओढले गेले. तरी पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीची फेरनोंदणी करताना मडगार्डबाहेर आलेले टायर अंगाशी येऊ शकतात. 2022 च्या एप्रिलपासून खासगी कारच्या फेरनोंदणीची फी 600 वरून 5000 रुपये झाली. एवढे भरून जाणारा माणूस तपासणीत अडकायला नको म्हणून तेवढ्या दिवसापुरते मूळ टायर चढवतो, हेही गावात होतं.

आता निवड आपोआपच आखडत चाललीय. 800 चं उत्पादन 2014 मध्ये थांबलं, नॅनो 2018 ला, ओम्नी 2019 ला, अल्टो 800 2023 ला. 2022 ची नवी अल्टो के10 सुद्धा तेरा इंचांवरच आहे. सत्तरचा गिऱ्हाईक ऐंशीच्या आधी आटला, म्हणून आज दुकानात ऐंशी पटकन निघतो. ‘गाडी उचलून येते’ हा सल्ला कितीसा गाडीसाठी आणि कितीसा स्टॉकसाठी, हे ज्याने त्याने ठरवावं.

सत्तरच हवा म्हणून हट्ट धरला आणि दुकानदाराने आतून कुठून तरी जोडी काढून आणली, तर भिंतीवरचे शेवटचे चार आकडे वाचावेत. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या गोदामात पाच-सहा वर्षं पडलेलं रबर न वापरताही कडक होतं, नक्षी कितीही नवी दिसो. हे आकडे अनेकदा टायरच्या एकाच बाजूला असतात, तेव्हा डिस्कवर चढवण्याआधी दोन्ही बाजू बघून घ्याव्यात.