लाईट संपली, तरी पुन्हा स्कॅन कशाला?

गर्भपिशवीच्या तोंडाच्या कर्करोगासाठी कोकणातून मुंबईला आलेल्या बायका आधी पाचेक आठवडे बाहेरून ‘लाईट’, म्हणजे रेडिएशन, घेतात. तेवढ्यात अंगावरून जाणारं रक्त बहुधा थांबतं. गावी भाताची लावणी खोळंबलेली असते, नाहीतर गणपती तोंडावर आलेले असतात. बरं वाटतंय तर निघूया, असं घरच्यांना वाटतं. पण सगळ्यात मोलाचा उपचार अजून व्हायचा असतो: ब्रॅकीथेरपी, म्हणजे आतून दिलेलं रेडिएशन.

गर्भपिशवीत पोकळ नळ्या बसवतात. तारेच्या टोकाला असलेला इरिडियम-१९२ या किरणोत्सारी धातूचा काही मिलिमीटरचा तुकडा यंत्र त्या नळ्यांतून सरकवतं आणि ठरलेल्या जागी काही सेकंद थांबवतं. अंतर दुप्पट झालं की किरणांचा मारा साधारण चौथाईवर येतो. म्हणून गाठीला जबरदस्त डोस देता येतो. पण पुढे मूत्राशय आणि मागे गुदाशय अगदी चिकटून असतात. नळी जराशी सरकली तरी हिशेब बिघडतो.

पूर्वी एक्स-रेवर भागवत. त्यात नळ्या स्वच्छ दिसतात, गाठ दिसत नाही. १९३८च्या मँचेस्टर पद्धतीनुसार ‘ए’ हा ठरावीक बिंदू धरून डोस मोजायचा. गाठ लहान असो की मोठी, बिंदू तोच. एमआरआयमध्ये गाठच दिसते. नळ्या बसवलेल्या असतानाच स्कॅन करून डॉक्टर एकेका चित्रावर उरलेली गाठ, मूत्राशय, गुदाशय आणि आतड्याचं वेटोळं रेखतात. मग कुठे किती सेकंद थांबायचं ते ठरतं. वेटोळं गाठीला टेकलेलं दिसलं, तर त्या बाजूचे सेकंद कमी करतात. ब्रॅकीथेरपीच्या पुढच्या वेळी ते सरकलेलं असू शकतं, मूत्राशय जास्त भरलेलं असू शकतं. जुना स्कॅन इथे उपयोगी नाही. दर वेळी एमआरआय जमलं नाही, तर सीटी स्कॅन आणि आधीचा एमआरआय जुळवून काम करतात.

एमआरआय बघून दिलेल्या ब्रॅकीथेरपीचा ‘एम्ब्रेस’ नावाचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. १,३४१ रुग्णांपैकी सुमारे ९२ टक्के जणींत पाच वर्षांनंतरही मूळ जागेचा आजार आटोक्यात होता. मला हा आकडा फार मोठा वाटतो.

उपचारानंतर इरिडियम यंत्रात परत जातं, अंगात काही उरत नाही. लेकरांना जवळ घ्यायला हरकत नसते.

बाहेरची आणि आतली लाईट मिळून सारं आठ आठवड्यांत आटपायला हवं. मध्ये खंड पडला की गाठ पुन्हा डोकं वर काढू शकते. म्हणून ब्रॅकीथेरपीच्या तारखा सुरुवातीलाच विचारून घ्याव्यात आणि लावणीला त्या वर्षी दुसरी माणसं बघावीत.