आधी कॉम्बो पाठ? उलटं आहे!

सोलापुरात टेकन ३ च्या गेम पार्लरपासून एक समज चालत आलाय: फायटिंग गेम शिकायचा तर आधी दहा-बारा हिटचे कॉम्बो (एकाला एक जोडून मारलेले फटके, जे मध्येच अडवता येत नाहीत) तोंडपाठ हवेत. चूक. कॉम्बो सुरू व्हायला पहिला फटका लागावा लागतो, आणि नवख्याचा नेमका तोच लागत नाही. शिवाय कॉम्बो लांबला की पुढच्या फटक्यांचं नुकसान घटत जातं.

स्ट्रीट फायटर ६ (२०२३) घ्या, पात्र र्‍यू. गेम सेकंदाला ६० फ्रेमने (पडद्यावरच्या चित्रांनी) चालतो; समोरचा तुमच्यावर उडी मारून येतो ती साधारण ४५ फ्रेमची, म्हणजे पाऊण सेकंद. एवढ्यात खाली बसून हेवी पंच मारून त्याला हवेतच पाडता येतं. ट्रेनिंग मोडमध्ये डमीची (सरावासाठीच्या प्रतिस्पर्ध्याची) उडी रेकॉर्ड करा, मध्येच ती नुसती उभी राहील असंही एक रेकॉर्डिंग ठेवा, नाहीतर बोट अंदाजानेच दाबलं जातं. रोज वीस उड्या पुरेत.

मग ब्लॉक, म्हणजे फटका अडवणं: मागे-खाली धरून बसा, उडीतला फटका मात्र उभ्यानेच अडवा. समोरच्याची स्वीप (पाय घालून पाडणारी खालची लाथ) अडली की लगेच मारा. कॉम्बो? दोन-तीन हिटचा एक बास. आणि हो, आर्केड स्टिकसाठी (पार्लरसारखा दांडा आणि बटणं असलेल्या कंट्रोलरसाठी) पैसे साठवू नका, साधा पॅड चालतो.