बोटांचे स्नायू कोपराजवळ असतात

जानेवारीत सकाळी साडेसहाला मनीषनगरहून धरमपेठेत व्हायोलिनच्या क्लासला दुचाकीवर यायचं, म्हणजे सगळा रस्ता हँडल गच्च धरून बसायचं. त्या दिवसांत नागपुरात पहाटेचा पारा १० अंशांच्या खाली सहज उतरतो, त्यात गाडीवरचा वारा. हातमोजे नसतील तर क्लासला पोचेपर्यंत बोटांची लाकडं झालेली असतात. पेटी उघडली, गजाला राळ लावली, तारा जुळवल्या, पहिली तान घेतली की ती अडखळते. मग विद्यार्थी बोटं कडाकडा मोडतो, दुसऱ्या हाताने मागे ओढतो आणि तीच तान पुन्हा घेतो. ती पुन्हा तिथेच अडखळते.

बोटं ओढायची ही वेळ नव्हे, आणि मुळात अडचण बोटांत नाही.

उजवा तळवा डाव्या हाताच्या कोपराच्या जरा खाली ठेवा आणि डाव्या हाताची बोटं तारेवर टाकल्यासारखी हलवा. हालचाल तळव्याखाली जाणवेल. बोटं जोराने वाकवणारे आणि सरळ करणारे मोठे स्नायू कोपर ते मनगट या भागात असतात. बोटांपर्यंत पोचतात त्या त्यांच्या कंडरा, म्हणजे दोऱ्या. बोटं वाकवणाऱ्या ८ आणि अंगठ्याची १ अशा ९ कंडरा मनगटातल्या एका चिंचोळ्या बोगद्यातून जातात, आणि त्याच बोगद्यातून एक मोठी नसही (मज्जातंतू, रक्तवाहिनी नव्हे) जाते. तळव्यातले लहान स्नायू बोटं फाकवायला आणि नेमकी ठेवायला मदत करतात, पण बोटाच्या आत एकही स्नायू नाही. म्हणून नुसती बोटं चोळून किंवा बिनबोटांचे मोजे घालून पुरेसं होत नाही. गरम व्हायला हवा तो कोपरापर्यंतचा हात.

थंडीत नेमकं काय बिघडतं? हाताच्या नसांमधून संदेश सेकंदाला साधारण ५० ते ६० मीटर वेगाने धावतो, आणि हाताचं तापमान १ अंशाने उतरलं की हा वेग दीड-दोन मीटरने घटतो. तरी खरा घोळ स्नायूत होतो. थंड स्नायू आकुंचन पावतो हळू, आणि सैल पडतो त्याहून हळू. तान घेताना बोट तारेवर पडतं वेळेवर, उठतं मात्र उशिरा, तोवर पुढचं बोट येऊन ठेपलेलं असतं. वादक ते भरून काढायला जास्त जोर लावतो. मग वाकवणारे आणि उघडणारे असे दोन्ही स्नायू एकाच वेळी एकमेकांविरुद्ध ओढत बसतात आणि पंधरा मिनिटांत हात भरून येतो. सांध्यांतलं वंगणही स्थिर आणि थंड असताना दाट असतं, हालचाल सुरू झाली की पातळ होतं.

बोटं मोडल्याने यातलं काही बदलत नाही. तो आवाज सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होण्याचा असतो. इजा होत नाही, पण ऊबही येत नाही. थंड हात ओढून धरल्यानेही फायदा नाही. एखादा स्नायू मिनिटभर किंवा त्याहून जास्त ताणून धरला तर त्याची ताकद थोडा वेळ कमी होते, आणि वादनाआधी कुणाला ते हवं असेल? ताण द्यायचा तो वाजवून झाल्यावर. वाजवण्याआधी फक्त ऊब आणि हालचाल.

आधी ऊब

हिवाळ्यात सोपा उपाय कोमट पाण्याचा. कोपरापर्यंत हात बुडेल असा गंज किंवा बादली घ्या, पाणी ३८ ते ४० अंश, म्हणजे बाळाच्या आंघोळीला चालेल इतकं. गारठलेल्या बोटांना चटका कळत नाही, म्हणून पाण्याचा अंदाज कोपराने घ्यावा. तीन-चार मिनिटं हात आत ठेवून मुठी सावकाश उघडा-मिटा. मग हात अगदी कोरडे पुसा. ओल्या हातावरून पाणी उडून जाताना हात पुन्हा थंड करतं, कूलर खोली थंड करतो तसंच. रियाझ संपेपर्यंत लांब बाह्यांचा स्वेटर अंगात राहू द्या.

क्लासला येणाऱ्यांना गंज कुठला मिळायला? त्यांनी मोजे घालून यावं, आल्यावर दोन-तीन मिनिटं जिने चढावे-उतरावे किंवा जागच्या जागी जोरात चालावं. अंग तापलं की हातापायांच्या त्वचेखालच्या रक्तवाहिन्या उघडतात आणि ऊब आतून पोचते. हे बाहेरून शेकण्याहून चांगलं.

(मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, सहज सरकावी म्हणून बोटांना खोबरेल लावणाऱ्यांना हिवाळा आणखी एका वाटेने कळतो. खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजतं. बाटलीतलं तेल पांढरं घट्ट झालेलं दिसलं की खोलीच्या तापमानाचा अंदाज आलाच.)

उन्हाळ्याची गंमत उलटी. बाहेर ४५ अंश, घामाने भिजलेला हात, आणि रियाझाची बैठक नेमकी कूलरच्या झोतात. मान आणि हात तासभर थंड ओल्या वाऱ्यात राहतात. भर मे महिन्यात मान आखडल्याची तक्रार येते तेव्हा आधी बैठक कुठे आहे ते पाहावं. झोत भिंतीकडे वळवा. त्या दमट हवेने गजाचे केसही लांबून सैल पडतात, वादक मग गज जोराने दाबतो आणि उजव्या अंगठ्याचं काम वाढतं. वातानुकूलित सभागृहात कार्यक्रम असेल तर मंचावर जाण्यापूर्वीची दहा मिनिटं मेमध्येही मोजे घालून बसावं, हसणारे हसोत.

मग खांदे, मग हात, शेवटी बोटं

खांदे वर, मागे, खाली असे सावकाश आठ वेळा फिरवा. मग भिंतीला पाठ टेकून उभं राहा, कोपरं वाकवून हाताची मागची बाजू भिंतीला लावा आणि हात भिंतीवरून घसरत वर नेऊन खाली आणा, आठ-दहा वेळा. पाठीवरचे दोन्ही फरे, म्हणजे खांद्यामागची चपटी हाडं, बरगड्यांवर मोकळे सरकले पाहिजेत. ते अडले की गजाचा हात दंडातून उचलला जातो आणि खांद्याच्या टोकाला कळ येते. मानेला गरगर गोल फिरवू नका. होकार, नकार आणि हनुवटी सरळ मागे नेणं, प्रत्येकी पाच वेळा, एवढं पुरे.

कोपर ते मनगट या भागाला मात्र वेळ द्यावा. व्हायोलिन वाजवताना दोन्ही हात उलट दिशांना पिळलेले असतात. डाव्या हाताचा तळवा वादकाकडे वळलेला असतो, म्हणजे तिथली दोन हाडं जवळजवळ टोकापर्यंत फिरलेली असतात, तर गजाचा तळवा जमिनीकडे असतो. कोपर काटकोनात वाकवून बरगडीला टेकवा, मुठीत लाटणं मधोमध उभं धरा आणि ते सावकाश डावीकडे, मग उजवीकडे आडवं करा. प्रत्येक हाताने दहा वेळा. लाटण्याच्या वजनाने स्नायूला किंचित काम मिळतं. टोकाला हिसका देऊ नका.

पुढे बोटांच्या पाच मुद्रा. बोटं सरळ, मग नुसती पेरं वाकवून आकडा, मग पूर्ण मूठ, मग बोटं मुळातून वाकवून टेबलासारखा हात, शेवटी टोकाची पेरं सरळ ठेवून चपटी मूठ. प्रत्येक मुद्रा दोन-तीन सेकंद, पाच फेऱ्या. तारेवर दाबणाऱ्या प्रत्येक बोटाला वाकवणाऱ्या कंडरा दोन, एक मधल्या पेराला आणि दुसरी टोकाच्या पेराला. त्या एकमेकींवरून सरकल्या पाहिजेत, आणि आकड्याच्या मुद्रेत त्या सर्वांत जास्त सरकतात. घाई झाली तर बाकीच्या मुद्रा सोडा, आकडा सोडू नका.

करंगळी आणि अनामिका यांच्याशी भांडू नये. बोटं उघडणाऱ्या कंडरा हाताच्या मागच्या बाजूला आडव्या पट्ट्यांनी एकमेकींना बांधलेल्या असतात, म्हणून बाकीची बोटं टेबलावर दाबून अनामिका एकटी फार वर उचलत नाही. ती वर खेचायचा व्यायाम काही जण ताकदीसाठी करतात. ती पट्टी व्यायामाने सुटत नाही, दुखावते मात्र.

मांडी घालून बसणाऱ्यांसाठी वेगळं

परदेशी व्यायामाच्या पुस्तकांत उभ्याने वाजवणाऱ्या वादकाचा विचार असतो. त्याचं दुखणं मानेचं, कारण जेमतेम अर्ध्या किलोचं वाद्य तो हनुवटी आणि खांद्यात धरतो. आपल्याकडे गजाननबुवा जोशी, व्ही. जी. जोग, डी. के. दातार, एन. राजम यांच्यासारखे वादक बसून वाजवत आले. व्हायोलिनचं टोक उजव्या पायाच्या घोट्याजवळ टेकतं, बूड छातीशी. वाद्याचा भार डाव्या हातावर राहत नाही, म्हणूनच तो गायकी अंगाची लांब मींड घेत तारेवरून वर-खाली जाऊ शकतो. मानेची सुटका झाली, पण हिशेब कंबर आणि घोट्याने चुकता केला.

मांडी घातल्यावर गुडघे कंबरेपेक्षा वर राहत असतील तर कंबरेचं हाड मागे कलतं, पाठीला पोक येतो, खांदे पुढे पडतात आणि गजाच्या हाताची वाट अडते. खांद्याची तक्रार घेऊन आलेल्याला आधी बैठकीबद्दल विचारावं ते यासाठी. ढुंगणाखाली चार-पाच सेंटिमीटरची घट्ट उशी किंवा घडी केलेली सतरंजी घ्या, आणि गुडघे कंबरेच्या पातळीला किंवा खाली येईपर्यंत उंची वाढवा. मऊ गादी नको, ती दबते. बसण्याआधी तळवे जुळवून गुडघे हलके वर-खाली वीस वेळा, आणि घोटे दोन्हीकडून दहा-दहा वेळा फिरवा. टोक टेकतं तिथे रुमालाची घडी ठेवा. पाऊल बधिर होत असेल तर तिथली नस दबते आहे. पाय सुटा करून पंचवीस मिनिटांनी एकदा उठून उभं राहायचंच, बंदिश अर्धी असली तरी.

आता वाद्य हातात घ्या. पहिली चार मिनिटं मोकळ्या तारांवर लांब गज, एका गजाला आठ सेकंद. डावा हात त्या वेळी तारेला नुसता स्पर्श करत मंद्र (खालच्या) सप्तकापासून तार (वरच्या) सप्तकापर्यंत सरकत राहू दे, दाब न देता. लांब मींडेत खरं काम कोपर आणि खांदा करतात, त्यांना वाट कळते. नंतर एक स्वर धरा. आधी बोट इतकं हलकं की आवाज फुसका येईल, मग तेवढाच दाब वाढवा की स्वर स्वच्छ होईल. तिथे थांबा. त्याच्या पुढचा सगळा दाब वाया जातो, आणि तो बहुधा अंगठ्यातून येतो. वाजवता वाजवता डावा अंगठा व्हायोलिनच्या मानेवरून उचलून पाहा. स्वर कोलमडला तर हात चिमट्यासारखा आवळला जातो आहे असं समजा. त्यानंतर अलंकार, नेहमीच्या निम्म्या लयीत. दुगुणीला, म्हणजे दुप्पट लयीला, अजून पाच मिनिटं अवकाश आहे.

ताण, वाजवून झाल्यावर

हात गरम असतानाच ताण द्या, प्रत्येक २० ते ३० सेकंद, दोनदा. हात समोर सरळ, तळवा पुढे, दुसऱ्या हाताने बोटांसकट तळवा मागे. नुसती बोटांची टोकं धरून ओढू नका, त्याने सांधा ताणला जातो आणि स्नायू तसाच राहतो. मग तळवा आपल्याकडे करून मनगट खाली वाकवा. दाराच्या चौकटीला कोपर खांद्याच्या उंचीवर टेकवून छाती पुढे न्या. टॉवेलची गुंडाळी पाठीच्या कण्याखाली उभी ठेवून दोन मिनिटं उताणं पडा. उभ्याने वाजवणाऱ्यांनी डावा हात मांडीखाली दाबून मान उजवीकडे कलती करावी. ताण स्नायूच्या मधल्या, मांसल भागात जाणवला पाहिजे. सांध्यात किंवा मनगटाच्या घडीत टोचलं तर सोडून द्या.

ज्यांचा अंगठा वाकवला की कोपर-मनगटाच्या भागाला टेकतो, किंवा करंगळी मागे काटकोनापलीकडे जाते, त्यांनी मनगट आणि बोटांचे ताण देऊच नयेत. त्यांचे सांधे आधीच सैल असतात. त्यांना गरज ताकदीची: बोटांभोवती रबरबँड घालून ती फाकवणं, दहा वेळा.

मुंग्या म्हणजे ताण नव्हे. अनामिका आणि करंगळीत मुंग्या येत असतील तर डावं कोपर फार वेळ वाकलेलं राहून त्याच्या मागची नस ताणली जाते आहे. दर दहा मिनिटांनी हात खाली सोडून सरळ करा. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात आल्या तर मनगटाच्या बोगद्यातली नस तपासायला हवी. नस ओढली की जास्त चिडते, त्यामुळे मुंग्यांवर उपाय म्हणून ताण देऊ नये. आठवडाभर वाजवणं कमी करूनही त्या थांबल्या नाहीत, रात्री झोपेतून जाग येऊ लागली किंवा हातातून वस्तू निसटू लागल्या, तर फिजिओथेरपिस्ट किंवा अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावं, आणि जाताना व्हायोलिन सोबत न्यावं. वाजवताना हात कसा वळतो ते पाहिल्याशिवाय त्यांनाही अर्धंच कळतं.